गाडी कुठे झोपेल

यॉर्कला जायचं ठरलं ते तन्मयमुळे.
त्याला वाफेची इंजिनं बघायची होती,
आणि त्या म्युझियमला तिकीट नाही
हे मी आधीच बघून ठेवलं होतं.
तटावरून चालायलाही पैसे पडत नाहीत.
म्हणजे फुकटातलं शहर, मी म्हणाले,
आणि हृषीकेश नुसता हसला.

रात्री साडेदहाला, भांडी विसळून झाल्यावर,
शाळेच्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी हिशोब मांडला.
फेब्रुवारीतल्या सुट्टीच्या दोन रात्री, चौघांत एक खोली,
ओवी सोफ्यावर, ती अजून मावते.
नाश्ता नको, थालीपिठं नेऊ.
लेस्टरपासून पेट्रोल, जाऊन-येऊन.
सगळं कसंबसं बसत होतं.
मग खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: पार्किंग नाही.
जवळच्या बहुमजली तळावर
चोवीस तासांचे अठरा पाउंड.
म्हणजे ओवीच्या सोफ्यापेक्षा
गाडीची झोप महाग.

लहानपणी आम्ही खोली कधी घेतलीच नाही.
आम्ही उतरायचो.
मिरजेला उतरायचो, नाशिकला उतरायचो,
कुणाकडे तरी, ज्यांचं नातं
बाबा दर वेळी दारात उभे राहून नव्याने जुळवायचे:
आत्याच्या जावेची बहीण, किंवा बहिणीची जाऊ.
आतून आधी एक प्रश्नार्थक चेहरा यायचा
आणि त्याच्या मागोमाग पाण्याचा तांब्या.

यॉर्कला माझं कोण आहे?
हॉस्टेलमधला चारुदत्त होता.
अकरा वर्षांत वाढदिवसाचे दोन निरोप, एवढाच व्यवहार.
चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं.
राहायला नको रे,
फक्त गाडी उभी करू का तुझ्या दारात?
पाठवून टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

उत्तर आलं: अगं, आम्हाला ॲबर्डीनला येऊन दोन वर्षं झाली.
पण थांब.

दुसऱ्या दिवशी शेजारणीचा नंबर आला.
डोरीन नाव, ऐंशीच्या पुढे,
घरासमोरची जागा रिकामी,
गावात जायला बस कोपऱ्यावरच.
रात्रीचे पाच पाउंड म्हणते, चारुदत्तने लिहिलं होतं,
घासाघीस करू नकोस, तिला आवडत नाही.

शुक्रवारी पोचलो तेव्हा काळोख पडला होता.
जागा अडवायला तिने कचऱ्याचे दोन डबे आडवे लावलेले,
त्या गल्लीत दुसरं कुणी येणारही नव्हतं.
डबे बाजूला झाले आणि बाई हातवारे करू लागल्या.
जरा डावीकडे. नाही, मागे. पुन्हा पुढे.
हृषीकेश घामाघूम. बसला सात मिनिटं.
भिंतीपासून भरपूर अंतर, दारही उघडत होतं,
तरी त्यांचं समाधान होईना.
शेवटी मी खाली उतरून बघितलं
तर फरशीवर तेलाचा जुना, काळा डाग,
ताटलीएवढा,
आणि आमचं इंजिन त्याच्या बरोब्बर वर आलं
तेव्हा त्या म्हणाल्या, आता ठीक.

दहा पाउंड त्यांनी मोजून घेतले.
कागदावर पावती दिली, तारीख घालून.

खोली जशी फोटोत तशीच होती,
फक्त उशा तीन आणि पांघरूण एक कमी.
मी कोट पांघरून झोपले.
तन्मयने एका इंजिनासमोर पाऊण तास काढला
आणि ओवीला तटावर शू लागली.
थालीपिठं शनिवारी दुपारीच संपली,
हिशोबाबाहेर चिप्स आले, दोनदा.

रविवारी सकाळी दव गोठून रस्ता पांढरा.
गल्लीतल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या.
आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर
एक जाड, चौकड्यांचं पांघरूण,
कडेला टाके घातलेलं, वायपरखाली नीट खोचलेलं.
बाईंनी ते स्वतःच काढलं.
घडी घालायला मी हात पुढे केला
तर नको म्हणाल्या.

वळणावर मी आरशात पाहिलं.
त्या डबे परत ओढत होत्या,
एक इकडे, एक तिकडे,
मधला डाग मोकळा ठेवून.